मसादाचा गड व त्याचा एकमेव साक्षीदार

महाराष्ट्रीय मनुष्य कोणत्याहि देशांतला किल्ला पाहावयास गेला तरी तो आपल्या सह्याद्रीचें माप बरोबर घेऊनच जातो. तट किती हात उंच, पाण्याचीं टांकीं किती, अंबारखाना कोठें, चोरवाट कोणत्या अंगास, असे प्रश्न त्याच्या तोंडून आपोआप बाहेर पडतात. आणि त्यांच्या पाठोपाठ, हा गड कोणीं लढविला व अखेर काय झालें, हाहि प्रश्न येतोच. मृत समुद्राच्या पश्चिम कांठावरील मसादाच्या किल्ल्यावर आम्हीं एक दिवस घालविला, तेव्हां पहिल्या प्रश्नांचीं उत्तरें आम्हांस दगडांनींच दिलीं, आणि तीं पूर्ण समाधानकारक होतीं. शेवटच्या प्रश्नाचें उत्तर मात्र दगडांजवळ नाहीं. तें एका ग्रंथांत आहे. आणि तो ग्रंथ ज्यानें लिहिला तो मनुष्य कोण होता हें पाहिल्यावांचून त्या उत्तराची किंमत ठरवितां येत नाहीं.

यरुशलेम शहर समुद्रसपाटीपासून सुमारें ७५० मीटर उंच आहे, आणि मृत समुद्राचें पाणी समुद्रसपाटीच्या खालीं ४३० मीटरांहूनहि अधिक आहे. एवढा उतार बस तासाभरांत उतरते. २०१८ सालच्या नोव्हेंबरांत आम्ही बावीस मंडळी या रस्त्यानें निघालों तेव्हां पुरतें उजाडलें नव्हतें. वाटेंत कानांस दडे बसले. आणि दिवस वर आला तेव्हां डाव्या हातास शिशाच्या रंगाचें निश्चल पाणी व उजव्या हातास तांबूस पिवळे, एकहि झुडूप नसलेले कडे, असा देखावा दिसूं लागला. वाळवंट म्हटलें कीं वाळूच्या टेकड्या डोळ्यांपुढें आणणाऱ्यांची येथें निराशा होईल. यहूदियाचें वाळवंट दगडांचें आहे. आपल्या घाटमाथ्यावरची सारी माती व सारी हिरवळ कोणीं खरवडून नेली तर जें उरेल तसें कांहींसें. एन-गेदी येथें तेवढी झऱ्याच्या पाण्यावर वाढलेली खजुरीचीं झाडें दिसलीं, आणि पुन्हां उघडा दगड सुरू झाला. या एन-गेदीचें नांव वाचकांनीं लक्षांत ठेवावें. पुढें त्याचें काम पडणार आहे.

आमच्याबरोबर वाटाड्या म्हणून जे वृद्ध गृहस्थ होते ते बेने इस्रायल समाजाचे. त्यांचा जन्म पूर्वीच्या कुलाबा, म्हणजे आतांच्या रायगड जिल्ह्यांतला. लहानपणींच आईबापांबरोबर ते इकडे आले आणि दिमोना येथें वाढले. साठ वर्षांनंतरहि त्यांचें मराठी अलिबागकडच्या वळणाचेंच राहिलें आहे. आमच्या मंडळींनीं त्यांना पहिल्या अर्ध्या तासांतच ‘काका’ करून टाकलें, व त्यांनींहि तें आनंदानें मान्य केलें.

मसादा या शब्दाचा मूळ हिब्रू अर्थच ‘गड’ असा आहे. भोंवतालच्या डोंगरांपासून सर्व बाजूंनीं तुटलेला हा एक प्रचंड खडक आहे. त्याचा पूर्वेकडील कडा चारशें मीटरांहून अधिक उंच. पश्चिमेकडे मात्र डोंगराची एक सोंड त्याला येऊन भिडते, तेथें उंची बरीच कमी आहे. माथा सपाट, सुमारें ६०० मीटर लांब व ३०० मीटर रुंद, दोन्हीं टोंकांस निमुळता, गलबताच्या आकाराचा. वर जाण्यास पाळणा आहे व आमच्यांतील बहुतेक मंडळी त्यांतून गेली. आम्हीं नऊ जणांनीं सर्पमार्ग पत्करला. हें नांव आजकालचें नव्हे. जोसेफस या इतिहासकारानें पहिल्या शतकांतच ही पायवाट तिच्या वेटोळ्यांवरून सर्पाच्या नांवानें ओळखली आहे, व येथें पाऊल घसरलें तर मृत्यूच, असें बजावून ठेविलें आहे. आतां ती बांधून काढलेली आहे; तरी साडेतीनशें मीटरांची ती चढण चढतांना घामाच्या धारा लागल्या, आणि आमच्यांतील एका निवृत्त मास्तरांनीं ‘याच्यापेक्षां आपला राजगड बरा, तेथें निदान वाऱ्याला तरी दया येते’ असा शेरा मारला.

वर पोंचल्यावर प्रथम पाहावें तें पाणी. किंबहुना पाण्याची व्यवस्था समजली कीं अर्धा किल्ला समजला. या प्रदेशांत वर्षाचा पाऊस जेमतेम दोन इंच. विहीर नाहीं, झरा नाहीं. इ. स. पूर्वीं ४० मध्यें पार्थियन लोकांनीं यहूदियावर स्वारी केली तेव्हां हेरोद याने आपलें कुटुंब या खडकावर ठेविलें व तो मदत मागण्यास रोमला गेला. मागें त्याचा भाऊ वेढ्यांत सांपडला. टांकीं आटलीं, व आतां गड सोडून पळावें अशा बेतांत तो असतां त्याच रात्रीं पाऊस पडून टांकीं भरलीं, असें जोसेफस सांगतो. हेरोद रोमन लोकांच्या पाठबळानें राजा होऊन परतला, तो हा धडा शिकूनच. गडाच्या पश्चिमेस दोन ओढे आहेत. ते वर्षांतून एखाद-दोन वेळां, तासाभरापुरते, लोंढ्यासारखे वाहतात. त्या ओढ्यांवर त्यानें बंधारे घातले, पाटांनीं तें पाणी वायव्येकडच्या उतारावर आणिलें, व तेथें खडकांत दोन ओळींनीं बारा टांकीं खोदविलीं. त्यांत मिळून सुमारें ४०,००० घनमीटर, म्हणजे चार कोटि लिटर पाणी मावे. तेथून तें जनावरांच्या पाठीवरून व माणसांच्या डोक्यावरून माथ्यावरील टांक्यांत चढवीत. एका तासाच्या पुरावर वर्षानुवर्षें तग धरावयाची ही युक्ति पाहून आमच्यांतील एका पाटबंधारे खात्यांतील गृहस्थांनीं हेरोदाचे बाकीचे सर्व अपराध माफ करून टाकले.

अपराध थोडे नव्हते. हेरोद हा रोमचा मांडलिक, प्रजेला अप्रिय, संशयी. स्वतःच्या बायकोस व मुलांसहि त्यानें ठार मारविलें. मसादावर त्यानें जो खर्च केला तो दोन भयांपोटीं, असें जोसेफस म्हणतो : एक आपल्याच प्रजेचें, दुसरें मिसरच्या क्लिओपात्रा राणीचें, कारण ती अँटनीकडे यहूदियाचें राज्य उघड उघड मागत होती. परंतु भयानें पळावयाची वेळ आली तरी सुखांत उणें पडूं नये अशी त्याची तजवीज होती. उत्तरेकडील टोंकाला कड्याच्या पोटांत तीन पायऱ्यांवर तीन मजल्यांचा महाल त्यानें लटकविला आहे. जवळच हमामखाना आहे. त्याच्या गरम खोलीची जमीन दोनशेंच्या आसपास बुटक्या खांबांवर उचललेली असून खालून उष्ण वारा खेळवीत. कोठारांच्या लांबच लांब ओळी आहेत. इटलीहून त्याच्यासाठीं आलेल्या दारूचे रांजणहि सांपडले. त्यांवर राजाचें नांव व रोमन कॉन्सलांच्या नांवांवरून कळणारें इ. स. पूर्वीं १९ हें साल आहे. ज्या वाळवंटांत प्यावयाचें पाणी डोक्यावरून वाहावें लागे, तेथें पोहण्याचा हौददेखील होता!

हेरोद इ. स. पूर्वीं ४ मध्यें वारला. त्याच्या भयाचा दिवस कधींच उगवला नाहीं. त्यानें भरलेलीं कोठारें भलत्यांच्याच उपयोगीं पडलीं. इ. स. ६६ मध्यें यहूदी लोकांनीं रोमविरुद्ध बंड केलें, तेव्हां ‘सिकारी’ नांवाच्या पंथानें हा गड घेतला. ‘सिका’ म्हणजे वांकडी कट्यार. ती अंगरख्याखालीं लपवून गर्दींत शिरावें आणि रोमशीं सलोखा राखणाऱ्या आपल्याच धर्मबांधवांस भोंसकावें, ही यांची रीत. आपल्या ‘शिकारी’ शब्दाशीं याचा संबंध नाहीं, जुळला तो केवळ कानाला. इ. स. ७० मध्यें टायटसनें यरुशलेम घेतलें, मंदिर जळालें, आणि युद्ध संपल्यासारखें झालें; मसादा मात्र पडला नव्हता. तेथें एलाजार बेन याईर या सिकारी पुढाऱ्याच्या हाताखालीं बायकामुलांसह हजाराच्या आंत माणसें होतीं. त्यांच्यावर इ. स. ७३ मध्यें, किंवा कांहीं पंडितांच्या मतें ७४ मध्यें, फ्लेव्हियस सिल्वा हा रोमन सुभेदार दहावी पलटण घेऊन चालून आला.

माथ्याच्या कडेला उभें राहून खालीं पाहिलें कीं त्या वेढ्याचा नकाशा जमिनीवर आंखलेला दिसतो. येथें नांगर फिरला नाहीं, पावसानें धूप केली नाहीं, कोणीं दगड उचलून घर बांधलें नाहीं. त्यामुळें आठ छावण्यांचे चौकोन, त्यांचे दरवाजे, तंबूंच्या ओट्यांच्या ओळी आणि गडाला विळखा घालणारी सुमारें चार किलोमीटर लांबीची दगडी भिंत हें सर्व जेथल्या तेथें आहे. मूठभर लोक निसटूं नयेत म्हणून वाळवंटांत चार किलोमीटर भिंत घालणें, हा रोमन स्वभाव एका दृष्टिक्षेपांत कळतो. पश्चिमेच्या सोंडेवर त्यांनीं दगड, माती व लांकडें यांचा प्रचंड दमदमा रचला, त्यावर तट फोडण्याचा ओंडका चढविला, आणि तटाला खिंडार पाडलें. सैन्याला पाणी व शिधा दुरून वाहून आणण्याचें काम यहूदी लोकांकडूनच करवून घेतलें होतें. हा दमदमा अजून शाबूत आहे. पश्चिमेकडून येणारे प्रवासी त्यावरूनच गडावर चढतात. वेढा तीन वर्षें चालला अशी एक समजूत पुष्कळ दिवस रूढ होती. तेल अवीव विद्यापीठाच्या संशोधकांनीं या सर्व कामाचें बारकाईनें माप घेऊन २०२४ मध्यें प्रसिद्ध केलेल्या अभ्यासावरून, तो कांहीं आठवड्यांतच आटोपला असावा असें दिसतें. आम्हांस हें अधिक पटतें. रोमन लोकांस वेळ दवडण्याचें कारण नव्हतें, आणि तेथील उन्हाळा कोणाच्याहि सोयीचा नाहीं.

येथपर्यंत ग्रंथ व दगड यांची एकवाक्यता आहे. आतां पुढची गोष्ट. खिंडार पडलें, आंत घाईनें रचलेला लांकडी तट रोमनांनीं पेटविला, आणि संध्याकाळ झाल्यामुळें उद्यां शिरूं असें म्हणून ते परतले. त्या रात्रीं एलाजारानें आपल्या लोकांस जमवून दास्यापेक्षां मरण पत्करा असें सांगितलें. पहिल्या भाषणानें सर्वांचें मन वळेना, म्हणून त्यानें दुसरें व अधिक लांब भाषण केलें. मग प्रत्येक पुरुषानें आपल्या बायकोस व मुलांस मारलें. दहा जण चिठ्ठ्या टाकून निवडले, त्यांनीं बाकीच्यांस मारलें. त्या दहांतून पुन्हां चिठ्ठीनें निवडलेल्या एकानें नऊ जणांस मारलें, वाड्याला आग लाविली व अखेर स्वतःवर तलवार चालविली. वल्हांडणाच्या सणाचे ते दिवस होते. मृतांची संख्या ९६०. सकाळीं रोमन शिपाई आंत शिरले तों सर्वत्र शांतता. हांक मारल्यावर जमिनीखालील पाण्याच्या पाटांतून दोन बायका व पांच मुलें बाहेर आलीं, आणि त्यांनीं झालेली हकीकत सांगितली.

काकांनीं ही गोष्ट उत्तर महालाच्या सज्जांत उभें राहून सांगितली, तेव्हां आमच्यांतील कित्येकांचे डोळे पाणावले. चितोड आठवणें साहजिक होतें. १३०३, १५३५ आणि १५६८ या तीन सालांचा उच्चार कोणींतरी केलाहि. परंतु अश्रु आवरल्यावर विचार सुरू झाला, कीं हें सारें आपल्याला सांगतो कोण?

सांगतो एकटा जोसेफस. दुसरा एकहि समकालीन लेखक मसादाच्या शेवटाचें वर्णन करीत नाहीं. आणि जोसेफस तेथें नव्हता. तो रोममध्यें बादशहाच्या आश्रयानें राहत होता. त्याचें मूळ नांव योसेफ बेन मत्तिथ्या. यरुशलेमच्या याजक घराण्यांतला, बंडाच्या आरंभीं गालील प्रांताचा यहूदी सेनापति. इ. स. ६७ मध्यें योतापाता या गढीला व्हेस्पेशियननें वेढा घातला व ती पडली, तेव्हां हा चाळीस प्रतिष्ठित लोकांसह एका गुहेंत लपला. सोबती म्हणाले, शत्रूच्या हातीं पडण्यापेक्षां मरूं. यानें त्यांस उलट उपदेश केला कीं, जीव ही ईश्वरानें दिलेली ठेव आहे, ती आपल्या हातानें नष्ट करणें हें पाप होय. ते ऐकेनात, तेव्हां चिठ्ठ्या टाकून एकमेकांनीं एकमेकांस मारावें असें यानेंच सुचविलें. आणि दैवानें म्हणा, ईश्वरी योजनेनें म्हणा (हे पर्याय त्याचेच आहेत), अखेर तो व आणखी एक जण एवढेच उरले. मग त्या सोबत्याचें मन वळवून तो शत्रूस शरण गेला. व्हेस्पेशियन बादशहा होईल असें भाकीत त्यानें केलें व तें खरें ठरलें. पुढें त्याला रोमचें नागरिकत्व, घर व तनखा मिळाला.

हे सर्व तो स्वतःच लिहितो, त्यांतील कांहीं लपवीत नाहीं, हें त्याच्या बाजूनें सांगितलें पाहिजे. परंतु वाचकांच्या लक्षांत आलेंच असेल कीं एकाच ग्रंथांत, एकाच लेखणीनें, वेढ्यांतील आत्मनाशाचे दोन प्रसंग रंगविले आहेत. दोन्हींत चिठ्ठ्या आहेत. आणि पहिल्यांत जो मरूं नका असें सांगतो तो स्वतः लेखक आहे, तर दुसऱ्यांत जो मरा असें सांगतो त्याच्या तोंडीं लेखकानें आपलें सर्वोत्कृष्ट वक्तृत्व घातलें आहे. जणूं योतापाता येथें जें उत्तर त्यानें सोबत्यांना दिलें, त्याचें प्रत्युत्तर तो कांहीं वर्षांनीं एलाजाराच्या मुखानें स्वतःलाच देत आहे. यांत पश्चात्ताप होता, कीं केवळ रोमन श्रोत्यांना आवडणारा रस होता, हें ज्यानें त्यानें ठरवावें. अशा सामुदायिक मरणाच्या कथा त्या वाङ्मयांत मान्यता पावलेल्या होत्या. हिरोडोटसनें झँथॉस शहराची सांगितली आहे, आणि स्पेनमधील नुमान्शियाची रोमन लोक अभिमानानें सांगत. योगायोग असा कीं, मसादाच्या रोमन छावण्यांचा पहिला कसून अभ्यास १९३२ मध्यें ज्या शुल्टेन या जर्मन पंडितानें केला, त्यानेंच पूर्वीं नुमान्शियाच्या छावण्या उकरून काढल्या होत्या.

त्या दुसऱ्या भाषणांत आपल्या दृष्टीनें एक विशेष गंमत आहे. एलाजार आपल्या लोकांस उदाहरण देतो तें हिंदुस्थानचें! ज्ञानाच्या मार्गानें जाणारे हिंदी लोक देहाला बंधन समजतात, निरोप घेऊन आनंदानें अग्नींत प्रवेश करतात, आणि मागें राहिलेले त्यांच्याबद्दल नव्हे तर स्वतःबद्दल रडतात. मग आपण त्यांच्याहून हीन ठरावें काय, असा त्या युक्तिवादाचा मतितार्थ. वाळवंटांतल्या खडकावर वेढला गेलेला कट्यारबहाद्दर मृत्यूच्या आदल्या रात्रीं हिंदी तत्त्वज्ञान बोलेल, हें कोणालाहि संभवनीय वाटणार नाहीं. पण जोसेफसला तें कोठून कळलें याचा अंदाज करतां येतो. अलेक्झांडरच्या सैन्यासमोर चितेवर चढलेल्या कलानस या हिंदी साधूची कथा ग्रीक वाङ्मयांत प्रसिद्धच होती. शिवाय ऑगस्टस बादशहाकडे गेलेली एक हिंदी वकिलात अँटिऑक येथें निकोलस नांवाच्या दमास्कसच्या विद्वानानें पाहिली होती. तिच्याबरोबरचा एक गृहस्थ पुढें अथेन्स येथें अग्निप्रवेश करून मेला. त्याच्या थडग्यावर तो बर्गोसाचा, म्हणजे बहुधा आपल्या भडोचचा, असें लिहिलें होतें. हा निकोलस हेरोदाच्या दरबारचा इतिहासकार व त्याचा मित्र. आणि त्याचे ग्रंथ जोसेफसनें मन लावून वाचलेले होते. तेव्हां ज्या राजानें मसादा बांधला त्याच्याच दरबाऱ्याच्या टिपणांतून भडोचचा साधु त्या गडावरच्या शेवटच्या भाषणांत येऊन उभा राहिला असावा, असें आम्हांस वाटतें.

यहूदी लोकांनाहि हा शेवट सहज पचला नाहीं. त्यांच्या धर्मशास्त्रांत आत्महत्येला थारा नाहीं. तालमुदांत मसादाचा उल्लेखसुद्धां नाहीं. दहाव्या शतकांत ‘योसिप्पोन’ नांवाचा जो हिब्रू इतिहास तयार झाला, त्यांत ही गोष्ट आली खरी, परंतु बदलून : पुरुषांनीं बायकामुलांस मारलें, आणि मग ते बाहेर पडून शत्रूशीं लढतां लढतां मेले. वाचकहो, हा तर सरळ जोहार व त्यापाठचा साका झाला! राजपुतान्याची कांहींच माहिती नसलेल्या लेखकाच्या मनानें तोच पालट करावा, यावरून वीरकथांचे साचे मनुष्यजातींत किती थोडे आहेत हें दिसतें.

दगडांची साक्ष काढण्याचा मोठा प्रयत्न यिगाएल यादिन यांनीं १९६३ ते १९६५ या काळांत केला. ते पूर्वीं इस्रायलचे सेनापति होते. त्यांच्या हांकेसरशीं अनेक देशांतून स्वयंसेवक आले. सांपडलें तें विलक्षण होतें : सभास्थान, शुद्धिस्नानाचे हौद, धर्मग्रंथांच्या गुंडाळ्यांचे तुकडे, सातशेंहून अधिक लिहिलेल्या खापऱ्या. उत्तर महालाच्या खालच्या मजल्यावर तीन जणांचे अवशेष, व त्यांत एका स्त्रीच्या केसांची वेणी जशीच्या तशी, शेजारीं चपला. एका ठिकाणीं एकेक नांव लिहिलेल्या लहान खापऱ्यांचा पुंजका मिळाला, व त्यांतील एकीवर ‘बेन याईर’ हीं अक्षरें आहेत. ह्याच त्या अखेरच्या चिठ्ठ्या, असें यादिन यांस वाटलें. परंतु खापऱ्या दहा नव्हत, अधिक आहेत. आणि गडावर शिधा वांटण्यासाठींहि खापऱ्या वापरीत. दक्षिण कड्यांतील एका गुहेंत पंचवीसच्या आसपास माणसांचीं हाडें होतीं. १९६९ मध्यें तीं लष्करी इतमामानें पुरण्यांत आलीं. त्यांच्याबरोबर डुकराचीं हाडें होतीं ही गोष्ट पुढें चर्चेस आली, तेव्हां हीं माणसें यहूदी कीं रोमन, असा प्रश्न कांहीं अभ्यासकांनीं विचारला; त्याचा निकाल लागलेला नाहीं. ९६० प्रेतें कोठेंच नाहींत. अर्थात् गडावर नंतर रोमन शिबंदी राहिली, पांचव्या शतकांत ख्रिस्ती संन्याशांनीं देऊळ बांधलें; प्रेतें तशींच पडून राहतील अशी अपेक्षाच चूक.

आमचें मत विचाराल तर, गड पडतांना कित्येकांनीं आपल्या कुटुंबासह जीव दिला हें खरें असावें. कित्येक लढतांना मेले असावे व कित्येक पळतांना. त्या गोंधळाच्या रात्रीला दोन भाषणांचा, चिठ्ठ्यांचा व शिस्तीचा आकार दिला तो लेखणीनें. आणि त्या लेखणीनें लिहिलेली आणखी एक गोष्ट वीरकथा सांगणारे मुद्दाम गाळतात. हेच सिकारी एका वल्हांडणाच्या रात्रीं गड उतरून एन-गेदीवर तुटून पडले, पुरुषांस त्यांनीं पळवून लावलें, आणि सातशेंहून अधिक बायका व मुलें कापून धान्य वर नेलें. तीं माणसें रोमन नव्हतीं, यहूदीच होतीं. जोसेफसची रात्र खरी मानावयाची असेल तर त्याची ही रात्रहि मानली पाहिजे. एकाच साक्षीदाराचें सोयीचें तेवढें विधान घ्यावें, हें कोणत्याहि न्यायसभेंत चालत नाहीं.

पण राष्ट्र घडविण्याच्या घाईंत तें चाललें. यित्झाक लामदान या कवीनें १९२७ मध्यें ‘मसादा’ हें दीर्घ काव्य प्रसिद्ध केलें. १९४० च्या सुमारास तरुणांच्या टोळ्या शपथा घेण्यास या खडकावर चढूं लागल्या. १९४८ मध्यें राज्य स्थापन झाल्यावर कांहीं दशकें चिलखती पलटणींतील रंगरुटांचा शपथविधि येथें मशालींच्या उजेडांत होत असे. नॅखमन बेन-येहुदा या इस्रायली समाजशास्त्रज्ञानेंच १९९५ मध्यें एक आख्खा ग्रंथ लिहून, या कथेंतून एन-गेदी व कट्यारी कशा गळाल्या हें दाखवून दिलें. त्यामुळें गडावर येणाऱ्यांची गर्दी कमी झाली नाहीं. २००१ मध्यें तो जागतिक वारशाच्या यादींत गेला.

आमच्यांतील एका बाईंनीं काकांना विचारलें, “काका, तुमच्या घरीं ही गोष्ट लहानपणीं सांगत असतील ना?”

“नाय ओ ताई,” ते म्हणाले. “आमच्या आजीनं मसादाचं नावपण कधी काढलं नाय. ती नवगावच्या फुटक्या गलबताची सांगायची. मसादा मी इथं आलो तेव्हा शाळेत शिकलो, हिब्रूतून.”

बेने इस्रायल लोकांची परंपरा अशी कीं, त्यांच्या पूर्वजांचें गलबत अलिबागजवळ नवगांवच्या किनाऱ्यावर फुटलें, सात पुरुष व सात स्त्रिया एवढीं वांचलीं, आणि तेल गाळून, शनिवार पाळून, ‘शनवार तेली’ म्हणवून घेत त्यांचा वंश कोंकणांत वाढला. या कथेला पुराव्याचा आधार मसादाहूनहि थोडा आहे. पण तिच्यांत मेलेल्यांचा नव्हे, वांचलेल्यांचा हिशेब ठेवलेला आहे, आणि हा फरक आम्हांस त्या सज्जांत उभें असतांना एकदम जाणवला. यहूदी धर्म टिकला तोहि याच रीतीनें. वेढा पडलेल्या यरुशलेमांतून योहानान बेन जक्काई हा वृद्ध पंडित शवपेटींत निजून बाहेर पडला, व्हेस्पेशियनकडून त्यानें याव्ने गांवीं पाठशाळा काढण्याची परवानगी मिळविली, आणि मंदिर गेल्यावर जें कांहीं उरलें तें तेथें शिकविलें गेलें, अशी तालमुदाची आख्यायिका आहे. मराठी माणसाला हें समजावून सांगावें लागत नाहीं. १६८९ मध्यें रायगडाला वेढा पडणार असें दिसतांच येसूबाईंनीं राजारामास गड सोडून जाण्यास सांगितलें, व आपण मुलासह मागें राहिल्या. गड गेला, त्या कैदेंत गेल्या, राजाराम जिंजीस पोंचला व राज्य राहिलें, आणि कैदेंतला मुलगा १७०७ मध्यें शाहू म्हणून परत आला. चितोडच्या आठवणीनें डोळे पुसणाऱ्या आम्हां मंडळींस हा आपल्या घरचा दाखला आठवण्यास मात्र काकांची आजी लागली.

दुपारीं गडाच्या दक्षिण टोंकाकडील मोठ्या टांक्यांत उतरलों. पायऱ्या बऱ्याच आहेत, व खालीं जातां जातां बाहेरचा उन्हाचा भपकारा मागें राहून गारवा लागतो. आंत एक थेंब पाणी नाहीं. भिंतींवर जुना गिलावा मात्र अजून घट्ट आहे. त्या दोन बायका ज्या पाटांत लपल्या ते नेमके कोणते हें आतां दाखवितां येत नाहीं, पण अंधार असाच असला पाहिजे. एक म्हातारी होती. दुसरी एलाजाराच्या नात्यांतली, व ती बहुतेक स्त्रियांपेक्षां शहाणी व शिकलेली होती, एवढें जोसेफस सांगतो. जें कांहीं रोमनांस कळलें, व रोमनांकडून त्याला कळलें असेल, तें तिच्याकडून. खापऱ्यांवर नांवें आहेत, रांजणांवर राजाचें नांव आहे. तिचें त्यानें दिलेलें नाहीं.

“वर तें सगळें चाललेलं,” मघाच्याच बाई टांक्याच्या तळाशीं उभ्या राहून म्हणाल्या, “आणि पांच पोरं रात्रभर गप्प कशीं हो बसविलीं असतील त्यांनीं?”

काकांना तें सांगतां आलें नाहीं. जोसेफसनेंहि तें कोणाला विचारलेलें दिसत नाहीं.